एका झाडाची सात झाडं

कडकला 'नाही' म्हणता येत नसे. माणसात दोष असतात. त्याच्यात हा एकच होता, पण चांगला भरभक्कम. 'कडक' हे नावसुद्धा त्याला इस्त्रीवरून पडलं होतं. स्वभावावरून पडायचं असतं तर गल्लीला वेगळं काहीतरी शोधावं लागलं असतं. संध्याकाळी वीस शर्टांचं गाठोडं टाकून कुणी "सकाळी सातला हवेत हं" म्हटलं की हा म्हणणार, "देतो की." मग पहाटे उठून इस्त्रीत कोळसे फुंकत बसणार, आणि त्याची बायको चहाचा कप त्याच्यापुढे आदळून म्हणणार, "सगळ्यांना हो म्हणणारा माणूस शेवटी कुणाच्याच कामाचा राहत नाही." यावरही तो "खरंय" म्हणायचा.

गल्लीच्या मध्यावर, फुटपाथच्या कडेला एक मोठं झाड होतं आणि त्याच्या सावलीत बावीस वर्षं कडकचं टेबल होतं. झाड तसं कुठल्याही शहरात कुठल्याही रस्त्याला दिसेल असंच. शोभेचं. फळ नाही, औषध नाही, लाकूड म्हणावं तर चुलीतसुद्धा धड जळत नाही. पण वर्षातून दोनदा ते शेंदरी लाल फुलांनी असं काही पेटायचं की नवा माणूस चालता चालता थांबायचा. कळ्यांमध्ये पाणी भरलेलं असायचं. फुलं टपाटपा खाली पडायची आणि पांढऱ्या कपड्यावर पडली तर तपकिरी डाग द्यायची. हा डाग लिंबू आणि मीठ लावून कसा काढायचा ते कडकला ठाऊक होतं. थोडक्यात, झाड त्याला सावलीही देत होतं आणि कामही.

एका सकाळी उद्यान खात्याचा कारकून आला. काखेत रजिस्टर, कानावर पेन, आणि चेहऱ्यावर हे काम आपल्या योग्यतेचं नाही असा भाव.

"या झाडाचं नाव काय?" त्याने विचारलं.

कडकने वर पाहिलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. हाक मारायची ती लांबच्या माणसाला. जे दिवसभर डोक्यावर उभं आहे त्याला कशाला हाक मारा? बायकोलाही तो नुसतं "अगं" म्हणायचा आणि संसार नीट चालला होता.

"झाड," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. आमच्याकडे हे 'शोभिवंत वृक्ष, प्रकार चार' आहे. रस्ता मोकळा करायचाय, प्रकार चार सगळे तोडायचेत. पण ज्या झाडाला लोकांनी आपणहून नाव दिलंय ते लोकांचं धरायचं, असा नियम आहे. त्याला पाटी लागते. एकदा पाटी लागली की त्याच्या फांदीलाही कुणी हात लावत नाही."

"मग नाव देऊ की."

"देऊ नाही, दिलेलं हवं. हे अर्ज. एका अर्जावर एक नाव. खाली घरमालकाची सही, आणि साक्षीदार म्हणून झाडाशेजारी धंदा करणाऱ्याची. म्हणजे तुमची. आठ दिवस मुदत." त्याने दहा-बारा कोरे अर्ज टेबलावर ठेवले. "एकच लागेल. बाकीचे चुकले तर असू देत."

कडकने गल्लीभर नजर फिरवली. हे झाड गेलं तर टेबल कुठे लावायचं? समोर नाला, पलीकडे बालवाडीचं फाटक, आणि बाकी गल्लीभर ऊन. कोळशाची इस्त्री घेऊन उन्हात उभा राहिलेला माणूस किती दिवस टिकेल, ते सांगायला ज्योतिषी नको. पण काम सोपं होतं. एक नाव, एक सही. इस्त्रीचे कपडे पोचवायला त्याला रोज घरोघरी जायचंच होतं.

पहिलं घर निवृत्त हेडमास्तरांचं. मास्तरांनी अर्ज दोनदा वाचला, त्यातल्या तीन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "लिही, अग्निशिखा."

"असं कोण म्हणतं, मास्तर?"

"मी म्हणतो."

"नाही, म्हणजे लोकांनी दिलेलं हवंय."

"मग मी कोण, दगड? मीही लोकांपैकीच आहे. लिही." कडकने लिहिलं. मास्तरांनी सही केली, आणि झाडाच्या ठिकाणाच्या रकान्यात 'आमच्या वाचनाच्या खिडकीसमोर' असं सुवाच्य अक्षरात भरलं.

एक अर्ज झाला होता. कडक तिथेच थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुढच्या घरी निवृत्त बसड्रायव्हर राहत होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी कडकच्या हातातला कागद पाहिला आणि ते लंगडत बाहेर आले.

"अग्निशिखा? अरे, त्या झाडाला पाडोबा म्हणतात! त्याच्या फुलांवरून घसरून माझा खुबा मोडला. छत्तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, आणि भाजी आणायला निघालो तर त्यानं मला आडवं केलं. मी तीन महिने पडून होतो तेव्हा गल्लीतला जो तो विचारायचा, 'पाडोबानं पाडलं का?' तेव्हा तुझे मास्तर कुठे होते?"

"लिहू का मग पाडोबा?"

"विचारतोस काय?"

दुसरा अर्ज झाला. ठिकाण: 'मी पडलो ती जागा.'

त्यापुढचं घर दोन भावांचं. वरच्या मजल्यावर थोरला, खाली धाकटा, आणि मधल्या जिन्यावर अकरा वर्षांचा अबोला. थोरल्याच्या गच्चीतून फुलांचा नुसता माथा दिसायचा, म्हणून तो झाडाला शेंदरी म्हणायचा. धाकट्याच्या दारात त्याच फुलांचा चिखल व्हायचा, म्हणून तो कचराबाई म्हणायचा. "वरच्यानं काय लिहिलंय?" धाकट्याने विचारलं. कडकने सांगितलं. "मग माझं वेगळं लिही," धाकटा म्हणाला. झाडाचं नाव मुळात त्याच्या खिजगणतीतही नव्हतं, पण आता प्रश्न तत्त्वाचा झाला.

वकिलांच्या सासूबाईंनी सांगितलं, चुगली. कारण झाडाखाली कोण कुणाबरोबर उभं होतं ते पाठीवरच्या डागावरून घरी कळतं. "आमच्या जावयाचं मला असंच कळलं होतं, लग्नाआधी," त्या म्हणाल्या, आणि पुढे अर्धा तास काय काय कळलं ते सांगत बसल्या. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, पिचकारी. कळी दाबली की पाणी उडतं, आणि चाळीस मुलं ज्याला एका सुरात पिचकारी म्हणतात त्याला दुसरं काही म्हणणं म्हणजे बालमनावर आघात.

सगळ्यात शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांचे यजमान कधीकाळी उद्यान खात्यातच माळी होते आणि हे झाड त्यांनीच लावलं होतं. आता ते नव्हते. काकूंनी गाठोडं घेतलं, कपडे मोजले, अर्ज पाहिला.

"मी काय म्हणणार? ह्यांचं झाड."

"असंच लिहू?"

"दुसरं काय लिहिणार? लावलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बादली घेऊन जायचे. मी म्हणायची, माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत." त्या हसल्या. मग गाठोड्यातून एक जुना पांढरा शर्ट वेगळा काढून त्याच्या हातात दिला. "याच्यावरचा तो डाग बघ जातोय का. तुला दरवेळी सांगते, तू दरवेळी हो म्हणतोस."

कडक "हो" म्हणाला. डाग वीस वर्षांचा होता. जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण ते तोंडावर कसं सांगायचं?

घरी आल्यावर बायकोने अर्ज मोजले. सात.

"एकच द्यायचा होता ना?"

"पण प्रत्येकाला सांगितलंय, तुमचाच देतो म्हणून."

"सातही जणांना?"

"कुणाला नाराज करू? सगळी गिऱ्हाईकं आहेत."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," बायको म्हणाली. "झाड एक. त्याला सात बारशी कशाला?"

तरी कडकने सातही अर्जांवर साक्षीदार म्हणून सही केली आणि ते खात्यात नेऊन दिले. त्यातलं एखादं नाव साहेब निवडतील आणि दोष साहेबांवर जाईल, असा त्याचा सरळ हिशेब होता. कारकुनाने अर्ज घेतले आणि कधी नव्हे तो हसला. त्याला महिन्याला पन्नास अर्जांचं उद्दिष्ट होतं आणि आतापर्यंत चार आले होते. त्याने नावं वाचली, ठिकाणं वाचली, सात ठिकाणी सात झाडं अशी नोंद केली आणि सात शिक्के मारले. खात्यात अर्ज म्हणजे झाड. रस्त्यावर जाऊन बघायचं म्हणजे आपल्याच कागदावर अविश्वास दाखवण्यासारखं.

पंधरा दिवसांनी पाट्यावाला आला. त्याच्या हातगाडीवर सात हिरव्या पाट्या होत्या, पांढऱ्या अक्षरांत रंगवलेल्या. त्याने झाड पाहिलं, पाट्या पाहिल्या, मग गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

"बाकीची सहा कुठायत?"

"हेच ते," कडक म्हणाला. "सगळ्या यालाच लाव की, दादा. एकाखाली एक."

"एका झाडाला एक पाटी. माझी नोकरी घालवतोस का?" आणि तो सातही पाट्या घेऊन परत गेला. जाताना त्याने वहीत लिहिलं: नोंद सात, आढळले एक, सहा गायब.

मग मात्र खातं खडबडून जागं झालं. जे खातं सहा महिने फांदी तुटून पडली तरी फिरकत नसे, त्याचे तपासणीस साहेब दुसऱ्याच दिवशी जीपमधून उतरले. लोकांच्या सहा झाडांची चोरी! साहेबांनी आधी जमीन पाहिली. खुंट नव्हते, खड्डे नव्हते. "सफाईने काम झालंय," ते म्हणाले. मग त्यांची नजर टेबलावर गेली. टेबलाखालच्या पोत्यावर गेली. इस्त्रीच्या भोकांतून लाल दिसणाऱ्या निखाऱ्यांवर गेली.

"या पोत्यात काय आहे?"

"कोळसा, साहेब."

"कोळसा कशाचा होतो?"

"लाकडाचा."

"आणि लाकूड कशाचं असतं?"

कडकने "झाडाचं" म्हटलं. नाही कसं म्हणणार? साहेबांनी ते लिहून घेतलं. साक्षीदारही तोच, शेजारीही तोच, कोळसाही त्याच्याचकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरीच झाली नव्हती आणि तरी फाशीची दोरी वळून तयार होती. टेबल, इस्त्री आणि पोतं जप्त करायचा कागदही लगेच निघाला.

गल्ली जमा झाली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "साहेब, झाड एकच आहे. नावं सात आहेत."

साहेब काही अगदीच दगड नव्हते. "मग तसं लिहून द्या," ते म्हणाले. "सातही जणांनी. 'मी ज्याला अमुक म्हणतो ते आणि हे ज्याला तमुक म्हणतात ते एकच झाड आहे.' सह्या करा, मी प्रकरण बंद करतो. पाटीवर सातातलं एक नाव लिहू."

दोन मिनिटांचं काम. कडकला वाटलं, सुटलो.

"म्हणजे अग्निशिखा आणि कचराबाई एकच, असं मी माझ्या सहीनिशी मान्य करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या अग्निशिखेनं माझा खुबा मोडलाय," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"वरच्याची सही आहे त्या कागदावर मी सही करणार नाही," धाकटा म्हणाला.

"खालच्याला कुणीतरी सांगा, मीही करणार नाही," थोरला म्हणाला. एवढ्या एका बाबतीत अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

तासाभराने साहेब कंटाळले. "हे बघा, नोंद सातची आहे आणि नोंद बदलता येत नाही. महिन्याभरात मला इथे सात झाडं दाखवा. नाहीतर हा इस्त्रीवाला माझ्याबरोबर येईल."

कडकला वाचवायला सगळे एका पायावर तयार होते. माणसं वाईट नव्हती. सहा रोपं आणायची, लावायची, प्रकरण मिटवायचं. पण सातवी पाटी मोठ्या झाडाला लागणार होती. कुणाची? मास्तर म्हणाले, वयाने मी मोठा. काका म्हणाले, हाड माझं मोडलं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ते ह्यांनी लावलंय."

"काकू, तुमच्याबद्दल आदर आहे," मास्तर म्हणाले, "पण सार्वजनिक झाड असं खाजगी कसं करता येईल? कडक, तूच सांग. तू न्याय कर."

सगळे कडककडे बघायला लागले. काकूही. बरोबर काय ते त्याला स्वच्छ दिसत होतं. काकूंना द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचं म्हणजे सहा घरांना एका दमात नाही म्हणायचं. त्याने इस्त्री उचलली, फुंकली, परत ठेवली.

"तुम्ही सगळे म्हणाल तसं," तो म्हणाला.

सगळ्यांनी मिळून तोडगा काढला. कुणालाच मोठं झाड द्यायचं नाही, म्हणजे कुणाचीच कुरकुर नाही. प्रत्येकाने आपलं आपलं रोप लावायचं. सात घरं, सात रोपं, सात पाट्या. एवढी समानता गल्लीत यापूर्वी कधी नांदली नव्हती.

महिन्याने साहेब आले. फुटपाथवर ओळीने सात रोपं, प्रत्येकाला कुंपण, प्रत्येकासमोर पाटी. रोपं गुडघ्याएवढी आणि पाट्या कमरेएवढ्या. साहेबांनी मोजलं: एक ते सात. वहीत बरोबरच्या खुणा केल्या. कडकच्या जप्तीचा कागद फाडला. मग निघता निघता थांबले.

"हे आठवं कुणाचं?"

साहेबांचं बोट मोठ्या झाडाकडे होतं.

"नोंद सातची आहे. याचं नाव काय?"

मास्तरांनी आपल्या रोपाकडे पाहिलं, काकांनी आपल्या. नाव दोनदा देता येत नव्हतं. साहेब टेबलाकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं खाली बसता. तुम्ही काय म्हणता याला?"

कडकच्या जिभेवर 'ह्यांचं झाड' आलं होतं. पण ती पाटी काकूंच्या रोपापुढे लागली होती, आणि समोर सात चेहरे उभे होते, आणि एवढ्या चेहऱ्यांपुढे एक नाव घ्यायला लागणारं धाडस त्याच्याकडे कधीच नव्हतं.

"झाड," तो म्हणाला.

"झाड हे काही नाव नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: शोभिवंत वृक्ष, प्रकार चार, अतिरिक्त.

दोन दिवसांत ते आडवं झालं. करवतीचं काम सकाळी सुरू झालं आणि दुपारी संपलं. शेवटच्या फांदीवर फुलं होती. बालवाडीच्या मुलांनी त्यातल्या कळ्या वेचल्या आणि घरी नेल्या. कडक त्या दिवशी टेबल लावून बसला, कारण जाणार कुठे? दुपारच्या उन्हात इस्त्रीपेक्षा टेबलच जास्त तापलं. बायकोने ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. त्या दिवशी ती त्याला एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

काकू खाली आल्या. त्यांच्या हातात तोच पांढरा शर्ट होता.

"याला नुसती इस्त्री कर," त्या म्हणाल्या. "डाग राहू दे. लिंबू लावू नकोस."

कडकने तो शर्ट पसरला आणि डागाभोवतीने अशी इस्त्री फिरवली की तिची धगही त्याला लागू नये. त्याचे डोळे भरून आले होते. घाम आहे असं कुणीही समजलं असतं, म्हणून त्याने ते पुसले नाहीत.

पावसाळ्यानंतर सात रोपांपैकी तीन जगली. पण गंमत अशी झाली की गल्लीत एक नवं नाव आपोआप चालू झालं. मास्तर रिक्षावाल्याला सांगू लागले, "झाडापाशी सोड." काका फोनवर म्हणायचे, "झाडापासून चौथं घर." थोरला कुरिअरवाल्याला तेच सांगायचा आणि धाकटाही तेच. जे नव्हतं त्याच्याविषयी सगळ्यांचं एकमत झालं. बससाठी नवा थांबा झाला तेव्हा थांब्याच्या नावासाठी तोच कारकून अर्ज घेऊन आला आणि त्याला एका तासात एकच नाव मिळालं, सगळ्यांच्या सह्यांनिशी. पाट्यावाल्याने खुंटाशेजारी खांब रोवला आणि त्यावर हिरवी पाटी लावली: झाड. तिची सावली टेबलावर पडायची, साधारण रुमालाएवढी.

दुसऱ्या दिवशी मास्तर शर्ट घेऊन आले, आणि शर्टावर एक कागद.

"नुसतं 'झाड' फार उघडंबोडकं दिसतं," ते म्हणाले. "'अग्निशिखा झाड' अशी दुरुस्ती सुचवली आहे मी. साक्षीदार म्हणून तुझी सही लागेल. कर इथे."

कडकने कागद बाजूला ठेवला आणि आधी शर्ट केला. कॉलर, बाह्या, पाठ. घडी घातली. मग शर्ट मास्तरांच्या हातात दिला आणि त्यावर तो कागद, सही न करता, तसाच ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

मास्तरांना वाटलं, आपल्याला कमी ऐकू यायला लागलंय. "काय म्हणालास?"

"नाही म्हटलं, मास्तर." आणि त्याने पुढचा शर्ट उचलला.

मास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. पण ऊन फार होतं, म्हणून ते गेले.